वाचक विचारतात : माळ्यावरचं वॉशिंग मशीन ओळखायचं कसं?

प्रश्न : दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराची डागडुजी चालू आहे. माळ्यावरून दोन टबांचं एक वॉशिंग मशीन खाली उतरवलं. पत्र्याची बॉडी, वर दोन झाकणं, तीन नॉब. नावाची पट्टी गळून गेलीय, गोंदाचा डाग तेवढा उरलाय. आईला एवढंच आठवतं, की धाकट्या काकांच्या लग्नाच्या सुमारास घेतलं होतं. हे कुठलं, किती सालचं, आणि आता चालेल का? भंगारवाला रोज दारावरून जातो आणि घरात दोन तट पडलेत. — एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : भंगारवाल्याला आठवडाभर थोपवा. पट्टी गेली तरी मशीनच्या अंगावर तारीख लिहिलेली असते, फक्त ती पुढच्या बाजूला नसते.

आधी मागचा पत्रा ओल्या फडक्याने पुसा. बहुतेक मशीनना मागे, खालच्या कोपऱ्यात, व्होल्ट, वॅट आणि अनुक्रमांक ठोकलेली दुसरी लहान पट्टी असते. तीही नसेल तर प्लास्टिकचे भाग पाहा. स्पिनचं आतलं जाळीदार झाकण, नॉबची पाठ, पल्सेटरची (टबातल्या फिरणाऱ्या चकतीची) खालची बाजू, यांवर नाण्याएवढी किंवा त्याहून लहान गोल खूण शोधा. कडेने 1 ते 12 आकडे, मध्ये बाण, आणि बाणाच्या दोन्ही अंगांना एकेक आकडा. बाण महिना दाखवतो, मधले दोन आकडे साल. भाग ज्या साच्यातून निघाला त्या साच्याने मारलेला हा शिक्का आहे. अशा तीन-चार खुणा कागदावर उतरवा. त्या एकमेकींच्या जवळपास असतील, तर त्यांतली सगळ्यांत अलीकडची धरा, कारण मशीन त्याआधी जोडलेलं असूच शकत नाही. एखादीच खूण दहा वर्षांनी पुढची निघाली तर तो भाग नंतर बदललेला आहे. कंडेन्सरवर (मोटरला जोडलेल्या, वीज साठवणाऱ्या लहान भागावर) छापलेल्या तारखेवर मात्र विसंबू नका. तो सगळ्यांत आधी बदलला जातो.

आईच्या आठवणीचाही उपयोग करा. दुकानातून आलं तेव्हा काय नाव होतं, हे घरातल्या दोघा-तिघांना वेगवेगळं विचारा. नुसतं 'व्हर्लपूल' न म्हणता कोणी 'टीव्हीएस व्हर्लपूल' म्हणालं, तर साल बरंच आवळतं : ही भागीदारी 1987 ची, आणि नव्वदीच्या मध्यात टीव्हीएस हे नाव गळून पडलं. 'गोदरेज-जीई' असेल तर मशीन 1993 च्या आधीचं नाही. 'व्हिडिओकॉन' हे उत्तर आलं तर नवल वाटायला नको. औरंगाबादच्या या कंपनीचं दोन टबांचं मशीन ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदीत मध्यमवर्गीय घरांत फार पोचलं.

आता टब उघडा. तळाची चकती लहान, तळहाताहून थोडी मोठी असेल, तर ती वेगाने फिरणारी जुनी जात. पाणी जोरात घुसळायची, पण साड्यांचे आणि धोतरांचे पीळ पाडायची. चकती टबाच्या तळाएवढी रुंद असेल तर खाली गिअर आहे. ती सावकाश, आलटून पालटून फिरते. ही पुढची सुधारणा. या पल्सेटरचं मूळ घराणं इंग्लंडचं. जपानमध्ये सान्यो कंपनीने 1953 मध्ये एसडब्ल्यू-53 नावाचं पल्सेटरचं मशीन काढलं आणि ती पद्धत आशियाभर रुळली. आपल्याकडची दोन टबांची मशीनं त्याच वाटेने आली.

चालेल का? बहुतेक चालेल, पण प्लग लगेच लावू नका. वर्षानुवर्षं माळ्यावर राहिलेल्या मोटरमध्ये ओल धरलेली असते आणि उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असतात. खालून जाळी नसलेल्या मशीनमध्ये तर हे ठरलेलंच. क्रम असा ठेवा.

प्लग काढलेलाच असू द्या आणि वॉशचा नॉब पूर्ण फिरवून सोडा. हा टायमर चावीच्या घड्याळासारखा स्प्रिंगवर चालतो, त्याला वीज लागत नाही. टिकटिक करत पंधरा मिनिटांत शून्यावर आला तर तो जिवंत आहे. मध्येच अडकला तर आतलं तेल गोंदासारखं घट्ट झालंय. स्पिनचा टायमर पाच मिनिटांचा, तोही असाच तपासा.

मग मागचा पत्रा उघडा. कंडेन्सरला हात लावण्याआधी जुन्या 15 वॅटच्या, तारेच्या पिवळ्या बल्बच्या दोन वायरी त्याच्या टोकांना टेकवून तो रिकामा करा. वॉशच्या आणि स्पिनच्या मोटरची कुठली वायर कुठे जोडली आहे ते वहीत चितारून ठेवा किंवा फोटो काढा. कंडेन्सर मीटरवर मोजा. वॉशचा बहुधा 10 मायक्रोफॅरडच्या आसपास असतो, स्पिनचा त्याच्या निम्मा किंवा कमी. छापील आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त कमी भरला तर बदला. नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढाच आणि 440 व्होल्ट एसीचा, 'रन' जातीचा मागा. पंख्याचा लहान कंडेन्सर लावून काम भागत नाही. मोटर गुरगुरते, गरम होते आणि रिवाइंडिंगचा (मोटरची तार नव्याने गुंडाळण्याचा) खर्च उभा राहतो.

मोटरची वायर आणि बॉडी यांच्यामध्ये 500 व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन मोजून घ्या. एक मेगोहमच्या खाली असेल तर मोटर दोन दिवस कडक उन्हात, किंवा मागच्या कप्प्यात 60 वॅटचा पिवळा बल्ब पेटता ठेवून वाळवा आणि पुन्हा मोजा. आकडा चढला तर ती नुसती ओल होती. चढला नाही तर मोटर रिवाइंडिंगला द्या. जुन्या मोटरीत तांब्याची तार असण्याची शक्यता चांगली आहे. एका टोकावरचं वार्निश खरवडलं की लालसर चमक दिसते. तशी दिसली तर मोटर 'बदलून घ्या' म्हणणाऱ्याचं ऐकू नका, तीच भरून घ्या.

पल्सेटर मधल्या एका स्क्रूवर असतो आणि तो गंजून बसतो. गंज सोडवणारं तेल सोडून अर्धा तास थांबा. जोर करून स्क्रूचं डोकं झिजवलंत तर पुढे ड्रिल मारावं लागेल. स्क्रू निघाल्यावर चकतीखाली दोन बाजूंनी सुतळीचे फास सरकवा आणि सरळ वर ओढा. खाली चिंध्या, पिना, एखादं चार आण्याचं नाणं सापडेल. शाफ्टच्या भोवतीचं रबरी सील बोटाने दाबा. कडक झालं असेल तर बदला. सील गळतं, पाणी बेअरिंगमध्ये उतरतं आणि मग ते घरघरतं. मशीन 'म्हातारं झालं' म्हणून टाकून देतात त्यातल्या कितीतरी मशीनचा रोग एवढाच असतो. पल्सेटर फुटलेला असेल तर चकतीचा व्यास मोजा आणि मधल्या भोकातले दाते मोजा. दात्यांची संख्या चुकली की नवा पल्सेटर शाफ्टवर बसत नाही. मोटरच्या पट्ट्याचा (बेल्टचा) आकडा पट्ट्यावरच छापलेला असतो. पुसला गेला असेल तर तुकडा बरोबर न्या.

हे सगळं झाल्यावर पहिली वीज 100 वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे वीज बल्बमधून जाऊनच मशीनला पोचेल असा, जोडून द्या. बल्ब मंद लागला आणि मोटर गुणगुणली तर ठीक. पूर्ण प्रकाशाने पेटला तर आत कुठेतरी शॉर्ट असू शकतो, तिथेच थांबा. पत्र्याची बॉडी आणि ओली मोरी एकत्र असल्याने अर्थिंग तपासल्याशिवाय थेट जोडणी नको. 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच ती तोडणारा स्विच) असेल तर उत्तमच.

शेवटी जागा. या मशीनला पंप नसतो, पाणी उतारानेच जातं. मोरीच्या कठड्यावरून पाइप वर चढवून टाकलात तर टब कधीच पूर्ण रिकामा होणार नाही. जुन्या घरांत मशीन लाकडी पाटावर किंवा दोन विटांवर ठेवलेलं दिसायचं, ते याचसाठी.

प्रश्न : सासऱ्यांनी लंडनहून परतताना आणलेलं एक यंत्र अलकापुरीच्या घरात आहे. साधारण कमरेएवढ्या उंचीचा फिकट रंगाचा चौकोनी डबा, आत एकच टब, आणि वर दुमडून आत जाणारी दोन रबरी रुळांची चरखी, हाताने फिरवायची. टबाच्या तळाला काहीच नाही, चकती बाजूच्या भिंतीत आहे. मुलं त्याला उसाचं गुऱ्हाळ म्हणतात. — एक वाचक, अलकापुरी, वडोदरा

उत्तर : बाजूच्या भिंतीतली चकती ही खूण निर्णायक आहे. हे बहुधा हूवर कंपनीचं. वेल्समधल्या मर्थिर टिडफिल इथे 1948 मध्ये हूवरने कारखाना उघडला आणि तिथून अशी आटोपशीर मशीनं युद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये घरोघर गेली. पाठीमागे किंवा तळाशी 'मर्थिर टिडफिल' ठोकलेलं आहे का पाहा, म्हणजे शंका उरणार नाही.

तुमचं नशीब म्हणजे इंग्लंडची वीज आपल्यासारखीच 50 हर्ट्झची आहे. पट्टीवर 230 ते 250 व्होल्ट असेल तर ट्रान्सफॉर्मर लागत नाही. जुनी वायर मात्र चालवू नका. तिचं रबर भुगा झालेलं असतं. रंग : लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ.

इथे एक इशारा, कारण अमेरिकेहून आलेली मशीनंही वडोदऱ्यात काही घरांत आहेत. अमेरिकन वायरिंगमध्ये काळी वायर फेज असते, पांढरी न्यूट्रल. आपल्या सवयीने काळीला न्यूट्रल धरलंत तर धोका आहे. शिवाय ते मशीन 120 व्होल्ट, 60 हर्ट्झचं असतं. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ नाही. 50 हर्ट्झवर मोटरचा वेग सहातला एक हिस्सा घटतो आणि 120 व्होल्ट दिले तरी ती तापते. 100 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर बनवून घ्या. मेटॅगसारख्या मशीनचा टब ॲल्युमिनियमचा असेल तर त्यात धुण्याचा सोडा कधीही टाकू नका. क्षार ॲल्युमिनियम खातो, टब काळा पडतो आणि कपड्यांना डाग लागतात.

तुमच्या चरखीबद्दल. ठेवून देताना रुळांवरचा दाब नेहमी सैल करा. दाबाखाली राहिलेलं रबर एका बाजूला चपटं होतं आणि मग दर फेऱ्याला धक्का बसतो. रुळांना तेल लावू नका, साबणाच्या पाण्याने पुसून कोरडे करा. कपडा घालताना बटणं आतल्या घडीत घ्यायची, नाहीतर ती फुटतात. मुलांना गुऱ्हाळ फिरवू द्या, पण कपडा घालायचं काम मोठ्याच माणसाने करावं. बोटं कपड्यामागोमाग आत जातात.

प्रश्न : आजी एकदा भरलेल्या साबणाच्या पाण्यात तीन लॉट काढायची. आज सगळे नाकं मुरडतात. तिचं चुकत होतं का? — एक वाचक, बाबाजीपुरा, वडोदरा

उत्तर : अजिबात नाही. दोन टबांचं मशीन वापरायची ती शहाणी रीत होती. पांढरे कमी मळके आधी, मग रंगीत, शेवटी पायपुसणी आणि गाड्या पुसायची फडकी. टबात साधारण 40 लिटर पाणी बसतं असं धरलं, तर तीन लॉटमागे 80 लिटर वाचतात. नळ ठरलेल्या वेळीच येणाऱ्या पोळात (जुन्या शहरातल्या दाट वस्तीत) हा हिशोब बायका तोंडी करत.

यातलं खरं कौशल्य पुढे आहे. साबणातून काढलेला कपडा आधी एक मिनिट स्पिन करायचा, मग खळबळायचा. साबणाचं पाणी पिळून बाहेर गेल्याने एका खळबळण्यात काम होतं. उलट केलं तर तीनदा पाणी बदलावं लागतं. स्पिनमध्ये कपडे गोल दाबून सपाट बसवायचे आणि वरून आतलं प्लास्टिकचं झाकण घालायचं. ते विसरलं की हातरुमाल उडून टबाच्या बाहेरच्या पोकळीत जातो आणि स्पिन गुरगुरत जागीच उभा राहतो. तेव्हा मिस्त्रीला बोलावण्याआधी प्लग काढा आणि बॅटरी मारून त्या पोकळीत पाहा. रुमाल नसेल तर ब्रेकची तार पाहा. स्पिनचं झाकण मिटल्यावर ती ताणली जाऊन ब्रेक सुटायला हवा. तार सैल झाली असेल तर ब्रेक चिकटूनच राहतो.

प्रश्न : बोअरच्या पाण्याने जुन्या टबात पांढरा थर धरलाय. घासून जात नाही. — एक वाचक, मांजलपूर, वडोदरा

उत्तर : घासू नका, प्लास्टिकवर चरे पडून थर आणखी घट्ट बसतो. टब कोमट पाण्याने भरा, 100 ग्रॅम लिंबाचं फूल (सायट्रिक ॲसिड) विरघळवा, पाच मिनिटं चालवा आणि तासभर तसंच राहू द्या. पुन्हा पाच मिनिटं चालवून सोडून द्या. थर जाड असेल तर आठ दिवसांनी परत करा. उकळतं पाणी नको, ड्रेनचं रबर वाकडं होतं. पाणी गेल्यावरही टबातून थेंब गळत राहिले, तर ड्रेनच्या रबरी बुचाखाली खपल्या अडकल्यात. मागून वॉल्व्हची टोपी फिरवून उघडा, बूच धुवा आणि स्प्रिंग जागेवर आहे ना पाहून परत बसवा.