पहिली माणसे निवडताना
बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत नवे मशीन शॉप सुरू करताना तुम्ही उमेदवाराचे आयटीआयचे प्रमाणपत्र आधी पाहाल आणि ते योग्यच आहे. परंतु माणसाची खरी ओळख त्याच्या हाती मायक्रोमीटर (सूक्ष्म माप घेण्याचे साधन) आणि एक तयार जॉब (यंत्रावर घडवलेला भाग) दिल्यावरच पटते, असा माझा अनुभव आहे. मोजण्यापूर्वी तो जॉबवरचे तेल आणि बर (कडेला राहिलेला धातूचा बारीक कंगोरा) काढतो का, मायक्रोमीटरचे शून्य तपासतो का आणि मापात ०.०१ मिलिमीटरचा फरक आढळल्यास तो सांगतो की लपवतो, हे शांतपणे पाहा. स्वतःची चूक वेळेत सांगणारा मुलगा मला वेगवान हाताच्या कारागिरापेक्षा नेहमीच मोलाचा वाटत आला आहे, कारण सदोष माल ग्राहकापर्यंत गेला की अनेक वर्षांचा विश्वास एका खेपेत जातो. भाषेवरून मात्र कोणालाही नाकारू नका. मराठी आणि कन्नड दोन्ही समजणारा माणूस पाळी बदलताना फार उपयोगी पडतो. खानापूरकडून रोज येणाऱ्यांशी पावसाळ्यातील प्रवासाविषयी आधीच बोला. कामगार १० झाले की ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आणि २० झाले की भविष्य निर्वाह निधी लागू होतो, म्हणून पगार ठरवतानाच वजावटीचा हिशेब त्यांना कागदावर दाखवा.