बॅलेचे जिन्नस

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका काकूंचा प्रश्न आला आहे. लेकीकडे परदेशी गेल्या असताना त्यांनी बॅले पाहिला. एकाच कंपनीने एका संध्याकाळी नृत्यरचनाकार पेटिपाचा एक जुना तुकडा, त्याच्यासारख्याच नृत्यरचनाकार फोकिनचा 'द डाइंग स्वान' (मरणाऱ्या हंसीचा नाच) आणि तीन नव्या छोट्या रचना केल्या. मंडळाच्या अंकात लिहायचं आहे, तर याला 'फ्यूजन बॅले' म्हणावं की 'मिश्र बॅले'?

फ्यूजन तर मुळीच नको. हल्ली दोन गोष्टी शेजारी दिसल्या की फ्यूजन! काकू, तुम्ही बडोद्याच्या. शेव-उसळीत शेव रश्श्यात बुडते, ते फ्यूजन. ताटात मात्र डावीकडची कोशिंबीर उजवीकडच्या आमटीत गेली तर वाढणारीला बोल लागतो. तुमची हंसी संगीतकार साँ-साँसच्या चेलोच्या सुरांवर मरून गेली आणि मग दुसरं सुरू झालं. कुठे मिसळलं काय?

'मिश्र'ही नको. नाचणाऱ्याच्या कानाला मिश्र म्हणजे सात मात्रा: तकिट तकधिमि. मोजून बघा.

आपल्याकडे यासाठी नेमका शब्द पडून आहे, जिन्नस. हसू नका, मी दिवाळीच्या फराळाबद्दल बोलत नाहीये. तंजावरच्या सरफोजीराजांच्या मराठी नृत्यरचनांच्या संग्रहाचं नावच 'कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस' असं आहे. जयजय, शरणु, शब्द, वर्ण, तिल्लाना, मंगल, यातला प्रत्येक एक जिन्नस. ज्याला आपले निवेदक घसा ताणून 'आता पुढचा आयटम' म्हणतात, त्याला भोसल्यांच्या दरबारात मराठी शब्द होता! आणि तंजावर आपल्याला परकं नाही. 1880 मध्ये सयाजीराव महाराजांचं लग्न तिथल्या लक्ष्मीबाईंशी झालं, त्या आपल्या पहिल्या चिमणाबाई. त्यांच्याबरोबर तिथल्या नर्तकीही बडोद्याला आल्या. (सरफोजीराजांचे जिन्नस एकाच कथेत ओवलेले, तुमच्या बॅलेचे सुटे, एवढा फरक मान्य.)

आता व्युत्पत्ती. आमच्या वाचनालयात एक निवृत्त संस्कृत शिक्षक बसतात. त्यांच्या मते जिन्नस थेट 'जन्' धातूवरून आला. असल्या व्युत्पत्त्या चहाबरोबर ठीक असतात. जिन्नस आला अरबी 'जिन्स'वरून. अर्थ जात, प्रकार. 'ऐनजिनसी' मोबदल्यातला जिनसी तोच. न दुप्पट केला तो आपण, बोलता बोलता. पण अरबीत तरी तो कुठून आला? ग्रीक 'गेनोस'वरून, म्हणजे कुळ. लॅटिनमधला 'गेनुस' त्याचा सख्खा भाऊ, त्यातून फ्रेंच 'झाँर', ज्याला तुमची लेक 'जॉन्र' म्हणत असेल. आणि या गेनोसचा संस्कृतातला भाऊबंद कोण? 'जनस्'. म्हणजे मास्तरांचा 'जन्' शेवटी भेटतोच, पण ग्रीस आणि अरबस्तान फिरून, चुलत नात्याने. मास्तर घरातून निघालेच नाहीत आणि पोचलो म्हणून सांगतात. हे त्यांना पटणार नाही, दोन वर्षं पटलेलं नाही.

बॅले शब्दाचं सरळ आहे. इटालियन 'बाल्लो' म्हणजे नाच, त्याचं छोटं रूप 'बाल्लेत्तो', तेच फ्रेंचांनी उचललं. म्हणजे बॅले मुळातच छोटा नाच. तीन-तीन तासांची कथानकं त्याला नंतर चिकटली.

हां, मथळा राहिलाच. 'एका संध्याकाळचे पाच जिन्नस' असा द्या. संपादक 'जिन्नस' खोडून 'आयटम' करतील, तेव्हा शेवटचं प्रूफ स्वतः बघा.