शकुंतला रेल्वे : मालकी कोणाची आणि बंद का पडली?

प्रश्न : शकुंतला रेल्वे आजही ब्रिटिश कंपनीच्या मालकीची असून आपले सरकार तिला पैसे मोजते, असे नेहमी ऐकायला मिळते. ते खरे आहे का? आणि ही गाडी बंद का पडली? (एक वाचक, दारव्हा)

उत्तर : यात तथ्य आहे, पण अर्धेच. मूर्तिजापूर–यवतमाळ (११३ किलोमीटर) आणि मूर्तिजापूर–अचलपूर (७६ किलोमीटर) हे फाटे किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने उभारलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचे. गाड्या मात्र करारान्वये जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे चालवीत असे आणि १९५१ मध्ये ती जबाबदारी मध्य रेल्वेकडे आली. मार्गाची मालकी कंपनीकडेच राहिली व उत्पन्नातला वाटा तिला मिळत राहिला. परंतु स्वातंत्र्यानंतर किलिक निक्सनच भारतीय मालकांच्या हाती गेली, हे सांगायचे बहुधा राहून जाते. त्यामुळे ‘इंग्रजांना अजून खंडणी’ हा लाडका आरोप टिकत नाही.

मार्ग टाकला गेला तो वऱ्हाडच्या कापसासाठी. कारंजा, दारव्हा, दर्यापूर, अंजनगाव या पट्ट्यातल्या जिनिंग-प्रेसिंगमधून निघालेल्या रुईच्या गाठी मूर्तिजापूरला पोचल्या की अडीच फुटी नॅरोगेजच्या डब्यांतून उतरवून मुंबईकडे जाणाऱ्या ब्रॉडगेजच्या वाघिणींत पुन्हा चढवाव्या लागत. इथला कापूस मँचेस्टरला जाई आणि गाडी ओढणारे, १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिनही मँचेस्टरचेच होते. ते १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबले. मग डिझेल इंजिन आले.

जिनच्या दारातून थेट माल उचलणारे ट्रक आल्यावर ही दुहेरी हमाली परवडेना, आणि प्रवासी एसटीकडे वळले. तरीही आमच्या मते खरे दुखणे करारातच होते. मालक एक आणि चालवणारा दुसरा, त्यामुळे रुळांवर खर्च करण्यात दोघांनाही रस नव्हता. दुरुस्तीअभावी वेग उतरत गेला. कर्मचारी इतके कमी, की गार्डच तिकिटे देई. अखेर २०१० नंतरच्या दशकात दोन्ही फाट्यांवरील वाहतूक थांबली.

वर्धा–यवतमाळ–नांदेड हा नवा ब्रॉडगेज मार्ग यवतमाळला पुन्हा रेल्वे देईल. पण कारंजा, दर्यापूर आणि अंजनगाव त्याच्या वाटेवर नाहीत.