बुलडॉगचं वजन कुठं असतं?

चतुर्थीच्या सुट्टीत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं एकाच कुत्र्याबद्दल आहेत: जुन्या अमेरिकन कार्टूनमधला, गळ्यात काटेरी पट्टा घातलेला, खालचा जबडा पुढे आलेला बुलडॉग. म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे.

प्लूटोच्या मागे लागतो तो बुलडॉग बुच की स्पाइक? आमच्या घरात यावरून वाद आहे. टॉम अँड जेरीत तर बुच नावाचा बोका आहे! (म्हापसा)

नावांचा हा घोळ कार्टून बनवणाऱ्यांनीच घालून ठेवला आहे, त्यामुळे घरातले दोन्ही पक्ष थोडेथोडे बरोबर असणार.

प्लूटो म्हणजे डिझनीच्या मिकी माउसचा कुत्रा, आणि त्याचा वैरी तो बुच. तो पहिल्यांदा दिसला १९४० साली, ‘बोन ट्रबल’ या कार्टूनमध्ये. दिग्दर्शक होते जॅक किनी. त्यानंतर ‘टी-बोन फॉर टू’ (१९४२), ‘द पर्लॉइन्ड पप’ (१९४६), ‘प्लूटोज पर्चेस’ (१९४८) आणि ‘वंडर डॉग’ (१९५०) यांत तो पुन्हा पुन्हा येतो. ही सगळी थिएटरात मुख्य चित्रपटाआधी दाखवायची, सात-आठ मिनिटांची कार्टून.

टॉम अँड जेरीतला राखाडी बुलडॉग तो स्पाइक. तो १९४२च्या ‘डॉग ट्रबल’मध्ये आला, १९४४च्या ‘द बॉडीगार्ड’मध्ये बोलू लागला आणि १९४९मध्ये त्याला टाइक नावाचं पिल्लू मिळालं. काही जुन्या कार्टूनांत यालाच किलर म्हटलं आहे, काहींत चक्क बुच. भरीला त्याच मालिकेतला काळा बोकाही बुच. टॉम अँड जेरी बनवणाऱ्या याच एमजीएम स्टुडिओत दिग्दर्शक टेक्स एव्हरी यांनी १९४९पासून ड्रूपी या उदास चेहऱ्याच्या कुत्र्यासमोर आणखी एक बुलडॉग उभा केला, त्याचंही नाव स्पाइक! तेव्हा नाव ऐकून ठरवू नका. बुलडॉग माणसासारखा बोलत असेल आणि दोन पायांवर उभा राहत असेल तर तो एमजीएमचा धरा. चार पायांवर राहून नुसता गुरगुरत असेल आणि समोर प्लूटो असेल तर तो बुच.

मटली हाही त्याच काळातला खलनायक कुत्रा ना? (मडगाव)

नाही. मटली १९६८च्या ‘वॅकी रेसेस’ या टीव्ही मालिकेतला. थिएटरच्या काळाशी त्याचा संबंध नाही आणि तो बुलडॉगही नाही. त्याचं ते दबकं, खोकल्यासारखं हसू लक्षात राहतं म्हणून लोक त्याला जुन्यांत धरतात.

बुचला खलनायक का म्हणतात? मला तर दर वेळी प्लूटोच चोर वाटतो. (फोंडा)

तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, आणि या पात्राची खरी गंमत तिथंच आहे.

‘बोन ट्रबल’ नीट आठवा. प्लूटोचं ताट रिकामं आहे. शेजारी बुच झोपला आहे आणि त्याच्या ताटात हाडूक आहे. प्लूटो ते उचलतो. म्हणजे कायद्यानं पाहिलं तर चोरी प्लूटोची आणि पाठलाग मालकाचा. तरी आपण प्लूटोच्या बाजूचे होतो, कारण आपल्याला आधी त्याची भूक दाखवली आहे आणि बुचची फक्त पाठ, मान आणि दात. भुकेचं तोंड जवळून दिसतं, ताकदीचं अंग लांबून. नजर कुणाच्या बाजूनं ठेवायची एवढ्यावरून नायक आणि खलनायक ठरले आहेत.

पुढचा भाग आणखी चांगला आहे. पळता पळता प्लूटो जत्रेतल्या आरसेमहालात शिरतो. तिथं त्याचीच वेडीवाकडी, प्रचंड प्रतिबिंबं पाहून आधी तो घाबरतो, मग त्याच प्रतिबिंबांनी बुचला घाबरवतो. बुचची सगळी दहशत आकारमानावर उभी आहे, म्हणून तिला उत्तरही आकारमानानंच मिळतं. चावा नाही, मार नाही, तरी हिशेब पुरा होतो. सात-आठ मिनिटांत एवढी घट्ट गोष्ट बांधणं फार अवघड असतं.

बुच खरोखर वाईट वागतो ती १९४६च्या ‘द पर्लॉइन्ड पप’मध्ये. तिथं तो रॉनी नावाचं पिल्लू पळवतो आणि प्लूटो पोलिसी कुत्रा म्हणून शोधाला निघतो. पण ‘प्लूटोज पर्चेस’ पाहा. मिकी प्लूटोला खाटकाकडून सलामी आणायला पाठवतो, बुच ती हिसकावू पाहतो, प्लूटो जिवाचं रान करून ती घरी आणतो. आणि मिकी ती कुणाला देतो? बुचला, वाढदिवसाची भेट म्हणून. प्लूटोचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा आहे. इतकी वर्षं सुटीसुटी दिसलेली दोन पात्रं एका गल्लीत राहणारे शेजारी आहेत, हे त्या एका भेटीत कळतं.

मी आठवीत आहे. वहीत बुलडॉग चालवायचा प्रयत्न केला. चित्रं चांगली आहेत, पण हलायला लागला की तो कागदाचा वाटतो. वजन कसं आणायचं? (साखळी)

तुझा प्रश्न फार नेमका आहे. वजन चित्रात नसतं, दोन चित्रांच्या मधल्या अंतरात असतं.

आधी आकार. छाती म्हणजे एक मोठी घागर, मागचा भाग म्हणजे तांब्या, आणि दोघांना जोडणारी पाठ मागे उतरती. डोकं थेट घागरीला चिकटलेलं, मान जवळजवळ नाहीच. पुढचे पाय आखूड आणि फाकलेले. छातीचा गोल कंपासनं सहा सेंटिमीटरचा काढ आणि प्रत्येक चित्रात तेवढाच ठेव. घागर दबली तर रुंद होईल, ताणली तर अरुंद होईल, पण तिच्यातलं पाणी कमी-जास्त होता कामा नये. बहुतेकांचा कुत्रा कागदाचा दिसतो तो इथं, कारण चित्रागणिक छाती लहान-मोठी होत जाते.

आता वेळ. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम असतात. एक चित्र दोन फ्रेम ठेवलं तर सेकंदाला १२ चित्रं लागतात. प्लूटोसारखा हलका कुत्रा एक पाऊल ८ फ्रेममध्ये टाकेल. बुलडॉगला १६ दे. दोन पावलांचं पूर्ण चक्र ३२ फ्रेमचं, म्हणजे तुला १६ चित्रं काढायची आहेत.

क्रमांक १ला उजवा पुढचा पाय जमिनीला टेकतो. क्रमांक ३ला छाती सर्वांत खाली. ५ला डावा पाय उजव्याला ओलांडून पुढे निघतो. ७ला छाती सर्वांत वर. ९ला डावा पाय टेकतो. पुढे ११, १३, १५ला हेच दुसऱ्या बाजूनं. मागच्या पायांचं वेगळं गणित आहे: डावा मागचा ५ला टेकतो, उजवा मागचा १३ला. म्हणजे क्रम होतो डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. मागचे-पुढचे पाय एकदम टेकवलेस तर तो कुत्रा राहत नाही, कापड पांघरलेली दोन माणसं होतात.

वजनाची जागा ३ आणि ४ क्रमांकांत आहे. पाय टेकला तरी अंग लगेच थांबत नाही, ते आणखी खाली जातं आणि गुडघ्यांना ते पेलायला वेळ लागतो. म्हणून ३ला छाती मधल्या रेषेच्या (म्हणजे तिच्या नेहमीच्या उंचीच्या) सहा मिलिमीटर खाली आण आणि ४ला ती जवळजवळ तिथंच राहू दे. मग ५, ६, ७मध्ये सावकाश वर ने, पण मधल्या रेषेच्या तीनच मिलिमीटर वर. उतरणं पटकन, चढणं कष्टानं. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात नारळाचं पोतं पाठीवर घेतलेला माणूस पाहिलास तर हेच दिसेल: पाऊल आधी टेकतं, गुडघा मग वाकतो, पोतं सगळ्यांत शेवटी बसतं.

बुलडॉगच्या पोत्याच्या जागी त्याचे लोंबते गाल आहेत. छाती ३ला खाली पोचते, गाल ५ला पोचू देत. छाती वर निघालेली असताना गाल अजून खालीच असतात, आणि त्या दोन चित्रांच्या उशिरातच सगळा जडपणा दिसतो. हे एवढं एक केलंस तरी फरक कळेल.

दोन चुका टाळ. कुत्रा जागच्या जागी चालत असेल तर टेकलेला पाय दर चित्राला सारख्याच अंतरानं मागे सरकायला हवा. १ ते ९ मिळून ३२ मिलिमीटर सरकायचं असेल तर प्रत्येक वेळी ४. कमी-जास्त झालं की पाय शेवाळावरून घसरल्यासारखा दिसतो. दुसरी चूक चक्राच्या टोकाला होते: सोळाव्यानंतर थेट पहिलं चित्र येतं. सतरावं म्हणून पहिल्याचीच नक्कल काढलीस तर दर फेरीला एक उचकी लागते.

मोबाइलवर चित्रं टिपली, पण सगळा कुत्रा थरथरतो आणि उजेड लुकलुकतो. (काणकोण)

थरथर कागद सरकल्यामुळे, लुकलुक कॅमेरा दर वेळी उजेड नव्यानं मोजतो त्यामुळे.

ऑफिसातल्या साध्या पंचनं कागदाला भोकं पाडा. बहुतेक पंचची भोकं ६ मिलिमीटरची आणि ८० मिलिमीटर अंतरावर असतात, तरी आपल्या पंचचं अंतर मोजूनच घ्या. प्लायच्या तुकड्यात त्याच अंतरावर ६ मिलिमीटरचे दोन बोल्ट पक्के बसवा आणि प्रत्येक कागद त्यांच्यावर अडकवून काढा, टिपतानाही तिथंच अडकवा. कागद एकदम चारपाच घेऊन पंच करू नका, खालचे सरकतात. दोन-दोन घ्या आणि कागदाची कड पंचच्या मार्गदर्शक पट्टीला टेकवा.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे ती दमटपणाची. पावसाळ्यात कागद ओल धरून फुगतो, आणि लांबी-रुंदीत सारखा फुगत नाही. जूनमध्ये भोकं पाडलेला कागद आणि ऑक्टोबरमधला कागद एकमेकांवर बसत नाहीत. एका दृश्याचे सगळे कागद एकाच दिवशी, एकाच रिमातून पंच करा आणि काम नसेल तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यात सपाट ठेवा, वर जड पुस्तक.

उजेडासाठी खिडकी बंद करा. ढग सरकले की उजेड बदलतोच. दोन एलईडी दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत लावा आणि मोबाइलमध्ये फोकस व उजेड दोन्ही कुलूपबंद करा. पडद्याला हात लावून टिपू नका, इयरफोनचं बटण किंवा टायमर वापरा.

नरकासुराच्या रात्री आमच्या मंडळाला चित्ररथावर बुच ठेवायचा आहे. चालेल का? (पणजी)

बुचचं पहिलं कार्टून १९४०चं. अमेरिकेत कंपनीच्या अशा कामाचा हक्क प्रकाशनापासून ९५ वर्षं राहतो, म्हणजे २०३५च्या अखेरीपर्यंत. तेव्हा प्रायोजक, बक्षिसं, विक्री असलेल्या ठिकाणी हुबेहूब बुच नको. बुलडॉग ही जात कुणाच्या मालकीची नाही. आपला स्वतःचा बुलडॉग घडवा.

शाळेच्या नाटुकल्यासाठी बुलडॉगचा मुखवटा करायचा आहे. मागच्या वर्षी केला तो आतून बुरसला आणि मुलाच्या नाकावर घसरत राहिला. (केपे)

बुरशी ओल आत अडकल्यामुळे. एकाच दिवशी सगळे थर दिले की वरचा थर वाळून टणक होतो आणि आतला ओलाच राहतो.

खळ अशी करा: एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, चार वाट्या उकळत्या पाण्यात ओता, पारदर्शक होईपर्यंत ढवळा, उतरवून त्यात अर्धा चमचा तुरटीची पूड घाला. मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे, पण मुलांच्या तोंडाला लागणाऱ्या वस्तूत ते विष नको. चतुर्थीची उरलेली माती असेल तर साच्याला उत्तम. साच्यावर पातळ प्लास्टिक ताणा, मग तीन सेंटिमीटर रुंदीच्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवा. एक थर वर्तमानपत्राचा, एक कोऱ्या कागदाचा, म्हणजे कुठं थर राहिला ते दिसतं. दिवसाला दोनच थर, एकूण सहा. ऊन नसेल तर पंख्याखाली ठेवा, आणि बोटानं दाबून गार लागेल तोवर पुढचा थर देऊ नका.

साचा उंचीपेक्षा रुंद हवा: मुलासाठी साधारण २६ सेंटिमीटर रुंद, २२ उंच. खालचा जबडा वरच्या ओठाच्या दोन सेंटिमीटर पुढे, आणि दोन सुळे खालून वर. ते कागदाची गुंडाळी करून बनवा. रंगवलेले डोळे लहान काढा. मुलाला बघायची फट त्यांच्या खाली, गालांच्या काळ्या सुरकुत्यांत ठेवा, लांबून ती दिसत नाही. नाकपुड्या खऱ्याच आरपार करा, श्वास तिथूनच जाईल.

आता घसरणं. बुलडॉगचं सगळं वजन पुढं असतं, मुखवट्याचंही तसंच होतं आणि कानांमागची नाडी ते पेलत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मुखवटा तोला, ३०० ग्रॅमच्या वर गेला तर जबड्याचे थर आतून खरवडा. मग आत कपाळाला स्पंजची पट्टी चिकटवा आणि तीन नाड्या लावा: दोन कानांवरून, तिसरी कपाळाच्या मधोमध निघून डोक्यावरून मागे जाऊन त्या दोघींना मिळणारी. भार त्या तिसरीनं घ्यायचा आहे, म्हणून ती आधी बांधा आणि बाकीच्या दोन्ही नंतर ओढा.