जाळ्यात आलेलं विमान भंगारात विकता येईल का?

देवगड तालुक्यातल्या एका ट्रॉलरमालकांचा प्रश्न: पावसाळी मासेमारी बंदी लागण्याआधी दहा वाव (सुमारे अठरा मीटर) खोल पाण्यात जाळं अडकलं आणि फाटलं. वर आलं ते पंख्याचं वाकलेलं पातं आणि रिव्हेट मारलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. ओळखीचा पाणबुड्या खाली जाऊन आला. त्याच्या मते ते दुसऱ्या महायुद्धातलं विमान आहे, पुढचा भाग रेतीत रुतलाय. भंगारवाला किलोच्या भावानं सगळं घ्यायला तयार आहे. ‘दर्यात सापडलं ते सापडणाऱ्याचं’ असं वाडीत म्हणतात. जाळ्याचा खर्च तरी निघेल का?

उत्तर: माझं लहानपण रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात, मच्छीमारांच्या वस्तीत गेलं. जाळं फाटलं की घरात किती दिवस कोणी मोठ्यानं बोलत नाही, ते मला ठाऊक आहे. तरीही भंगारवाल्याला आजच नाही म्हणा आणि विंच लावून बाकीचं ओढायचा विचार सोडा. अशा विमानात गोळ्या, बॉम्ब असू शकतात. ऐंशी वर्षं पाण्यात राहिले म्हणून ते निकामी झाले, असं धरता येत नाही. आणि पुढचा भाग रेतीत आहे म्हणजे वैमानिकही तिथेच असू शकतो. कोणाचा तरी मुलगा आहे तो.

वाडीतलं म्हणणं कायद्यात बसत नाही. आपल्याकडे १९३४ च्या विमान कायद्यानं समुद्रात पडलेल्या विमानाला बुडालेल्या जहाजाचेच नियम लावले होते. आता त्या कायद्याच्या जागी २०२४ चा भारतीय वायुयान अधिनियम आला आहे. जहाजांसाठीच्या १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्यानुसार असे अवशेष ताब्यात घेणाऱ्यानं ते केंद्र सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे ‘रिसीव्हर ऑफ रेक’कडे, शक्य तितक्या लवकर सोपवायचे असतात. हा कायदा बदलण्यासाठी संसदेनं २०२५ मध्ये नवा कायदा केला आहे, म्हणून अर्जात कलमांचे आकडे घालू नका, हकिकत लिहा.

लष्करी विमानाची मालकी काळानं सहसा संपत नाही. अमेरिकेच्या २००४ च्या कायद्यात तर तसं स्पष्टच लिहिलं आहे. ब्रिटननं १९८६ च्या कायद्यानं आपल्या हद्दीत पडलेल्या प्रत्येक लष्करी विमानाला आपोआप संरक्षण दिलं. तुमची जागा बारा सागरी मैलांच्या आत असेल, तर ती आपल्या प्रादेशिक समुद्रात येते आणि भारत सरकारच्या परवानगीशिवाय कोणालाच ते विमान काढता येणार नाही. विमान कोणत्या देशाचं हे सुट्या भागांवरच्या क्रमांकांवरून कळू शकतं, म्हणून पातं तारेच्या ब्रशनं घासू नका. पातं आणि पत्रा गोड्या पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा. मीठ मुरलेला धातू वाळला की झपाट्यानं कुजतो. ब्रिटनमध्ये २०१३ साली समुद्रातून दुसऱ्या महायुद्धातलं डॉर्नियर हे जर्मन बॉम्बफेकी विमान वर काढलं, तेव्हा ते मीठ उतरवण्यासाठी विमानावर सौम्य सायट्रिक आम्लाचे फवारे मारत राहावं लागलं.

आता पैशांचं. आणलेले दोन तुकडे अधिकाऱ्याकडे सोपवलेत तर ते वाचवल्याबद्दल वाजवी मोबदला मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. त्यात घेतलेला धोका, लागलेला वेळ, झालेला खर्च विचारात घेतात. वाद झाला तर न्यायालयात दाद मागता येते. मात्र भंगाराच्या दोन तुकड्यांचं मूल्य फार नसतं. नव्या जाळ्याचा पूर्ण खर्च यातून निघेल, अशी आशा मी तुम्हाला लावणार नाही. बोटीचा विमा असेल तर त्यात जाळी धरली आहेत का, ते बघा आणि फाटलेल्या जाळ्याचा पंचनामा मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडून करून घ्या.

तुकडे घरी आणले म्हणून तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. सांभाळून मालकाला परत करण्यासाठी सापडलेली वस्तू उचलणं हा अपहार नव्हे. पण मालक दुसरा आहे हे कळूनही विकलीत, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ लागू शकतं. त्यामुळे भंगारवाल्याकडून इसार घेतला असेल तर तो लगेच परत करा आणि तशी पोच घ्या.

तटरक्षक दलाला १५५४ वर आधी कळवा, मग सागरी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि शिक्का मारलेली प्रत ठेवा. दुसरी प्रत मेरीटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयात द्या. रिसीव्हरकडे अर्ज कसा पोचवायचा ते तिथेच विचारा. अर्जात ‘मालकी मिळावी’ असं लिहू नका, ‘मोबदला व खर्च मिळावा’ असं लिहा. पाणबुड्याचं म्हणणं त्याच्याच सहीनं जोडा. जीपीएसवर मारलेला पॉइंट फक्त अधिकाऱ्यांना द्या. बाकीच्या तांडेलांना, म्हणजे बोटींच्या प्रमुखांना, ‘त्या बाजूला अडथळा आहे, जाळं टाकू नका’ एवढं जरूर सांगा, पण खाली काय आहे ते सध्या नको.