चार रंगांत सावळा चेहरा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. नाइफ (रंगाची बोथट सुरी), ग्लेझिंग (वाळलेल्या रंगावर पातळ पारदर्शक थर) आणि ॲक्रिलिकच्या अस्तरावर तैलरंग, हे सगळं एकाच व्यक्तिचित्रात करून बघायचं म्हणतेस. करू नकोस. बिघडलं तर कशानं बिघडलं तेच कळायचं नाही.

आधी रंग कमी कर. टिटॅनियम व्हाइट, यलो ऑकर (मातकट पिवळा), कॅडमियम रेड लाइट, आयव्हरी ब्लॅक, बस. ही पॅलेट स्वीडनच्या चित्रकार अँडर्स झॉर्नच्या नावानं ओळखतात. त्याच्या १८९६च्या आत्मचित्रात ती हातात दिसते. (म्हणून त्यानं निळा कधी वापरलाच नाही असं मात्र समजू नकोस.)

निळ्याचं काम इथे काळा करतो. काळ्यात पांढरा घातला की येणारा राखाडी ऑकरशेजारी निळसर दिसतो. काळा आणि ऑकर मिळून शेवाळी हिरवा होतो, तो हनुवटीखाली चालतो. काळ्यात लाल घातला की नाकपुडीतला गडद तपकिरी मिळतो.

बारा बाय सोळा इंची बोर्डवर अस्तरापुरता अंबर या मातकट तपकिरी रंगाचा पातळ हात देऊन पुसून घे. पांढऱ्या फटक बोर्डवर सावळा चेहरा आहे त्याहून गडद भासतो. उजेड एकाच खिडकीचा असू दे. ब्रश उचलण्याआधी सावली, मधली छटा आणि उजेड असे तीन ढीग नाइफनं कालव. मधल्या छटेला ऑकर चार वाटे, लाल एक, काळा अर्धा, पांढरा अगदी शेवटी आणि किंचित. कंपनीगणिक रंगाचा जोर बदलतो, त्यामुळे हे माप फक्त सुरुवातीचं. नाइफच्या टोकावर थोडा रंग घे, हात लांब करून समोरच्याच्या गालाच्या रेषेत धर आणि एक डोळा मिट. नाइफवरचा रंग गालात मिसळून गेला तर जमलं.

सगळ्यांचं चुकतं ते उजेडात. रंग उजळायचा म्हणून नुसता पांढरा ओततात आणि चेहरा खडू फासल्यासारखा दिसतो, कारण पांढरा रंगाला थंडही करतो. आधी ऑकर वाढव, कणभर लाल घाल, मग पांढरा. कपाळावरची आणि नाकाच्या शेंड्यावरची चमक मात्र कातडीचा रंग नसते. खिडकीतल्या आकाशाचं ते प्रतिबिंब. तिथे तोच निळसर राखाडी एका फटक्यात ठेव आणि हात काढ. घोळलंस की चिखल झालाच.

सावल्या पातळ ठेव. आयव्हरी ब्लॅक फार सावकाश वाळतो. त्याच्या जाड थरावर लवकर वाळणारा रंग चढला की वरचा तडकतो. तैलरंगातलं जवसाचं तेल उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. त्यामुळे घाई करण्यात अर्थ नाही.

असे पाच चेहरे कर. सहाव्याला फक्त लाल बदल, कॅडमियमऐवजी इंडियन रेड (विटकरी लाल) घे. त्याचा जोर दांडगा असतो, तेव्हा निम्म्यानं सुरू कर. प्रत्येक बोर्डामागे तारीख, रंग आणि वाटे लिहून ठेव. ग्लेझिंगचं त्यानंतर बघू.