'कोर्ट' सिनेमाच्या शेवटी जज पिकनिकला जाऊन मुलाला चापट का मारतो? शाहीर कांबळेंच्या केसचा निकाल का दाखवला नाही?

निकाल दाखवलाय की, ती चापट म्हणजेच निकाल आहे, कारण जज सदावर्ते कोर्टात जे करतात तेच पिकनिकला बाकावर झोपल्यावरही करतात, झोपमोड झाली की जो हाताशी सापडेल त्याला शिक्षा आणि परत डोळे मिटायचे. मी इथं नाशिकला सीबीएस बसस्टँडजवळच्या जिल्हा कोर्टात वकिली करते, त्यामुळे त्याआधीचा कोर्ट बंद होतानाचा सीन मला चापटीपेक्षा जास्त लागला. सगळे निघून जातात, दिवे बंद होतात आणि पडदा काळाच राहतो, आपल्याला वाटतं संपला पिक्चर, आणि तिकडे म्हातारे शाहीर कांबळे आजारी असून तुरुंगात, उन्हाळी सुट्टी लागलेली, जामीन हवा तर हायकोर्टात जा म्हणून सांगितलेलं.

पण सदावर्तेंना व्हिलन समजू नका. ते कुणाचं वाईट चिंतत नाहीत, पिकनिकमध्ये ओळखीच्या माणसाला त्याच्या न बोलणाऱ्या मुलासाठी नाव बदला, अंगठी घाला असा सल्ला अगदी मनापासून देतात. स्लीव्हलेस घातली म्हणून एका बाईची केस पुढे ढकलतात तेव्हाही त्यांना आपण नियमच पाळतोय असं वाटतं, आणि सरकारी वकील नूतनबाईंचंही तेच, घरी स्वयंपाक करणारी साधी बाई. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेंनी कुणालाच राक्षस केलेलं नाही, म्हणून तर जास्त भीती वाटते.

फक्त एक, सुट्टीत खरी कोर्टं पूर्ण बंद नसतात, तातडीच्या जामिनासाठी सुट्टीतले न्यायाधीश बसतात.